सोलापुरात विमा कंपनीच्या बाजूने वकील कोण नेमावा?

क्लेम_डेस्क_पुणे: नमस्कार. आमचं छोटं ऑफिस एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या कोर्टकेसेस सांभाळतं. सोलापूरच्या फायली आता आमच्याकडे आल्यात. बहुतेक एमएसीटीच्या (मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातल्या), थोड्या ग्राहक आयोगातल्या, एक अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीची. नावं निरोपात कळवा. पण काय बघून नेमावं, ते इथेच सांगा.

काळाकोट_सोलापूर: मी दावेदारांकडून उभा राहतो, त्यामुळे तुमच्यातले कच्चे कोण ते आम्हालाच जास्त ठाऊक! छापील कैफियतवाला टाळा. नावं बदलायची, बाकी मजकूर मागच्या केसचाच. छोट्या हत्तीच्या अपघातात अजूनही 'एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर मालवाहू गाडी चालवली' हा बचाव येतो. अहो, ७५०० किलोच्या आतल्या गाडीला तेच लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. मुलाखतीत विचारा, गाडीमालक हजरच झाला नाही तर काय कराल? मोटार वाहन कायद्याच्या कलम १७० चा अर्ज, म्हणजे मालकाच्या जागी सगळ्या मुद्द्यांवर लढायची परवानगी कंपनीने मागायची, हे लगेच तोंडात आलं तर माणूस कामाचा. ती परवानगी न घेता भरपाईच्या आकड्यावर उलटतपास सुरू केला, की आम्ही हरकत घेतोच.

पॅनेलवरचा: पटलं, पण सगळं खापर वकिलावर नको. ग्राहक आयोगात लेखी म्हणणं द्यायला नोटीस आणि तक्रारीची प्रत मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर वर १५. पुढे एक दिवससुद्धा मिळत नाही, सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालाने ते दार बंद झालंय. आणि फाईल आमच्या हातात कधी पडते? नोटीस शाखेत पडून, मग पुणे, मग मुंबई. मुदत संपत आली की फोन येतो, 'वकीलसाहेब, आजच्या आज बघा'.

आगीच्या केसला मात्र माल कळणारा वकील घ्या. सूत किती, मागावर किती, रंगवून तयार किती, प्रत्येकाचा भाव वेगळा. स्टॉक रजिस्टर आणि बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट शेजारी ठेवून वाचणारा हवा. नुसता सर्व्हेअरचा रिपोर्ट जोडून भागत नाही.

चादरवाला_अण्णा: वकिलांचं मला काय कळत नाही बघा. पण आमच्यासारखे एकट्या मालकीचे कारखानदार क्लेम अडला की पुण्याला विमा लोकपालाकडं जातात. ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील चालतच नाही. तिथं कंपनीचा माणूस येतो आणि त्याला फाईलच माहीत नसते. त्यालाबी तयार करा की!

क्लेम_डेस्क_पुणे: अण्णा, हा मुद्दा डोक्यातच नव्हता. एमएसीटीच्या अपिलांना मुंबईचेच वकील ठेवू ना?

काळाकोट_सोलापूर: मुंबई कशाला? १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरसाठी हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. तिथं ज्याचं जाणं-येणं आहे असाच बघा. अपिलाला ९० दिवस असतात, निकालाची नक्कल त्याच आठवड्यात मागवायला लावा. दोन नावं निरोपात टाकलीत. त्यातले एक फी जास्त सांगतील, घासाघीस करू नका.