लाळेची बफर टेस्ट सगळ्यांना कशाला?

कृष्णाकाठ: परवा इथे एकाने लिहिलं, "लाळेची बफर टेस्ट न करता फिलिंग करणारे डेंटिस्ट अंधारात काम करतात." बफर म्हणजे लाळेची आम्ल शमवण्याची ताकद; टेस्टमध्ये ती रंग बदलणाऱ्या पट्टीवर बघतात, निळी झाली तर चांगली, पिवळीच राहिली तर कमी. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. सांगलीत 19 वर्षं प्रॅक्टिस करतेय. वर्ष-दोन वर्षांत नवी कीड किती लागली, यावरून पुढचा धोका मला पट्टीपेक्षा जास्त कळतो. चघळून काढलेल्या लाळेतला बफर मुख्यतः बायकार्बोनेटचा, आणि तो लाळेच्या वेगाबरोबर वाढतो. रात्री लाळ जवळजवळ थांबते, तेव्हा दातांचं काय होतं ते पट्टी सांगत नाही. मेण चघळायला द्या, 5 मिनिटं कपात लाळ गोळा करा. मिनिटाला 0.7 मिलीच्या खाली असेल तर काळजी करा. त्याला पट्टी लागत नाही.

दाढमूळ: ते मीच लिहिलं होतं. पट्टी पेशंटला दाखवण्यासाठी असते, ताई. एका रिक्षावाल्याला कोल्ड्रिंक सोड म्हणून तीनदा सांगितलं. चौथ्या वेळी पट्टी त्याच्याच हातात दिली. निळी व्हायची ती पिवळीच राहिली. तो गप्प बसला. दीड वर्ष झालं, नवी कीड नाही.

कृष्णाकाठ: कोल्ड्रिंक सुटलं म्हणून कीड थांबली. त्यातून टेस्टची अचूकता कशी सिद्ध होते?

फळा_खडू: मी पेशंट आहे. चहा पिऊन वीस मिनिटांत माझी ही टेस्ट केली, कधी खाल्लं-प्यायलं ते विचारलंही नाही. पट्टी पिवळी, लगेच 11 हजारांचं पॅकेज. मी आठ महिने ॲलर्जीची गोळी घेत होते, तिनेच तोंड कोरडं पडत होतं. ते मलाच शोधावं लागलं.

दाढमूळ: हे फिजिशियनांनी सांगायचं असतं! ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या गोळ्या लिहिताना "तोंड कोरडं पडेल" एवढं वाक्य जड जातं?

ओपीडी_सकाळची: आमच्यावर कशाला ढकलता? तुमच्या केसपेपरवर औषधांचा रकाना नसतो का? डिप्रेशनचा पेशंट जगवायचा असतो आम्हाला.

कृष्णाकाठ: माझ्या वडिलांच्या गालाच्या कॅन्सरला रेडिएशन दिलं. आधी दात दाखवून घ्या, असं एकही डॉक्टर बोलला नाही, आणि मी तेव्हा कॉलेजात होते. रेडिएशनने लाळ आटली, आणि वर्षभरात दात हिरडीपाशी काळे पडून तुटायला लागले. भाकरी पाण्यात भिजवूनही गिळताना थांबायचे. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, साधारण 5.5 पीएचला विरघळायला लागतं (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त), उघडं मूळ त्याहून कमी आम्लालाच. तेव्हा "जगवायचा असतो" म्हणून बाकीचं सोडून देऊ नका.

ओपीडी_सकाळची: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. रेडिएशनआधी दात दाखवायलाच हवे होते, ती चूक आमच्याच बाजूची. गोळ्यांबद्दल मात्र माझं मत तेच.

दाढमूळ: "अंधारात" हा शब्द मागे घेतो. खाल्ल्यावर तासभर थांबवेन, गोळ्या आधी विचारेन. पट्टी सोडणार नाही.

कृष्णाकाठ: लाळ भरपूर असूनही कीड थांबत नसेल, तर त्याची पट्टी मीही काढेन. सरसकट सगळ्यांची नाही.

फळा_खडू: आणि माझ्यासारखीने पॅकेजचे पैसे भरण्याआधी नेमकं काय विचारायचं? ते कुणीच सांगितलं नाही.