शब्दचर्चा : इंजिन 'मोकळे करणे' म्हणजे नेमके काय करणे?

आर्वीहून : हवेने थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलचे अडकून बसलेले इंजिन कसे फिरते करावे, यावरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. प्लग काढून त्या भोकांतून सिलिंडरमध्ये गंज सैल करणारे तेल सोडायचे, काही दिवस धीर धरायचा आणि मग स्टार्टर न मारता क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील चाकाच्या) ३० मिलिमीटरच्या बोल्टला पाना लावून इंजिन किंचित पुढे, किंचित मागे हलवायचे, अशी ती कृती आहे. मी तिला 'इंजिन मोकळे करणे' म्हटले. गावात शेतीपंपांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या काकांना मजकूर वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "मोकयं केलं म्हणजे सारं खोलून ठेवलं, असंच लोक समजतीन." लेखाचा सारा भर तर इंजिन न खोलण्यावर आहे. मग कोणता शब्द योजावा?

दर्यापूरहून : 'जखडलेले इंजिन सोडवणे' असे निःशंक लिहावे. सांधे जखडतात, तसाच दट्ट्याही जखडतो. 'सीझ' आणि 'जाम' यांची गरज नाही. मी तीस वर्षे शाळेत 'दट्ट्या' शिकवला आणि तो मुलांना कधी जड गेला नाही.

हिंगणघाटहून : गुरुजी, 'दट्ट्या' मीही शाळेतच शिकलो, परंतु सुट्या भागांच्या दुकानात आजवर पिस्टनच मागत आलो. 'सीझ' आणि 'जाम' हे दोन वेगळे आजार आहेत आणि आपला 'जखडणे' दोन्हींना एकाच पोत्यात भरतो, ही माझी खरी हरकत आहे. बीटलच्या पंख्याचा पट्टा तुटला, की इंजिनावरून वारा फिरणे थांबते. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रमाणात फुगतो आणि भिंतीला घासून चिकटतो, ते सीझ होणे. वर्षानुवर्षे शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत ओल शिरून पिस्टनभोवतीच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरतात, ते जाम होणे. तेल ओतून थांबण्याचा उपाय मुख्यतः दुसऱ्यावर चालतो. पहिल्यात बहुधा खोलावेच लागते. म्हणून अनुवादात 'जाम'च हवा.

पुसदहून : माझे वडील 'इंजन सीझलं' असे म्हणत. हिंदीत 'सीझना' म्हणजे शिजणे, आणि उष्णतेने झालेल्या बिघाडाला तो किती चपखल बसतो! हा शब्द इंग्रजीतून आलाच नसावा, असे मला मनापासून वाटते.

हिंगणघाटहून : ताई, तो इंग्रजीतूनच आला. पोलिसांनी गाडी 'सीज' केली, असे आपण म्हणतो, तोच हा शब्द. तेथे कायदा पकडतो, येथे सिलिंडर.

दर्यापूरहून : 'जाम' तरी आपलाच मानावा. दही जमते, रक्त जमते, त्या 'जमणे'वरूनच तो आला असणार.

आर्वीहून : गुरुजी, उच्चार आड येतो. 'जमणे'तला ज आपण 'जहाज'मधल्यासारखा दातांजवळून उच्चारतो, तर 'जाम'मधला 'जीव'मधल्यासारखा टाळूजवळून. माझ्या मूळ प्रश्नाकडे मात्र कृपया वळावे. जाम असो की सीझ, त्यातून सुटण्याला काय म्हणायचे?

पुसदहून : आमच्या शेतावर 'इंजनानं धरलं' आणि 'इंजन सुटलं' असेच म्हणत, जशी मान धरते आणि शेकल्यावर सुटते. कोठेही खोलल्याचा भास होत नाही.

दर्यापूरहून : म्हणजे 'सोडवणे' हे माझेच क्रियापद झाले. परंतु 'धरलेले इंजिन' असे शीर्षक वाचून लोकांना ते कोणी हातात धरले आहे असे वाटेल.

हिंगणघाटहून : 'जखडलेले' वाचून साखळीने बांधले आहे असे वाटेल, गुरुजी. शिवाय बीटलचे चारही सिलिंडर आडवे असतात. ओतलेले तेल खालच्या कडेला साचते आणि रिंगेच्या वरच्या भागाला लवकर पोचत नाही. त्या भिजत ठेवण्यालाही आर्वीकरांनी काही शब्द योजला आहे काय? आमच्याकडे मिस्त्री त्याला 'मुरू देणे' म्हणतात, लोणच्यासारखे.

पुसदहून : लोणचे मुरते, कारण रस आत शिरतो. गंज तर भिजून सैल होतो. येथे 'भिजत घालणे' हवे.