ताटकळण्याचा वेळ : आपण काय केलेत?

गाडी, डॉक्टर, खिडकीवरचा कारकून, परीक्षेचा निकाल. कुणाची ना कुणाची वाट पाहण्यात आपला बराच वेळ जातो. त्या वेळात काय करावे याचे सल्ले भरपूर मिळतात, म्हणून येथे आपण स्वतः काय केले, त्यातले काय जमले आणि काय फसले, एवढेच लिहावे, ही विनंती. सुरुवात माझ्यापासून करते.

वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून ३ वेळा आणि दर वेळी सुमारे ४ तास चालत असे. आठवड्याचे १२ तास, म्हणजे वर्षाचे ६०० हून अधिक, हा हिशेब मांडला तोवर पहिले पाच महिने फोनवर बोट फिरवण्यात गेले होते. मग जर्मन शिकायचे ठरवले. व्याकरणाचे जाड पुस्तक दोनदा नेले आणि दोनदा तसेच परत आणले, कारण एखादा नियम डोक्यात बसू लागला की नेमकी परिचारिका हाक मारी, आणि परत येऊन पाहावे तर ते पान अनोळखी झालेले असे. अखेर तळहाताएवढी कार्डे कापली. पुढे शब्द, मागे अर्थ. आठवलेले कार्ड मागच्या कप्प्यात जाई आणि काही दिवसांनी पुन्हा भेटे, विसरलेले पहिल्या कप्प्यात परत येई. पाठांतर एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांत विभागले तर कमी उजळण्यांत भागते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्याच प्रयोगांतून दाखवले होते. माझ्या कामी मात्र त्याहून साधी गोष्ट आली. एका कार्डाला दहा सेकंद लागतात, त्यामुळे हाक आली तरी बुडते ते एकच कार्ड.
— धागाकर्ती

आपल्या कार्डांचे जे, तेच माझ्या क्रोशाचे. दोन सुयांवरच्या विणकामात आख्खी ओळ सुईवर उघडी असते आणि घाईने पिशवीत कोंबली की टाके निसटतात. क्रोशात एकच फास मोकळा असतो. तो जरा लांब ओढून ठेवला की साखळीचा टाका चालू असो वा खांबाचा, तत्क्षणी उठता येते. चादर अंगावर घेऊन बसणे शक्य नसल्यामुळे मी सुटे चौकोन विणते. मुलीच्या संगीतवर्गाबाहेर असे ६४ चौकोन झाले आहेत. जोडायचे राहिले, कारण जोडकाम घरीच करावे लागते आणि घरी मला वेळ नसतो.
— एक विणकर आई

मी दूरसंचार अभियंता आहे, त्यामुळे रांग दिसली की आधी ती मोजतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये कॉल कसे येतात याचे गणित मांडले आणि त्यातून रांगांचे शास्त्र उभे राहिले. त्यातले सर्वांत साधे प्रारूप सांगते की, माणसे अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमी-जास्त असेल, तर एकुलती एक खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असताना सरासरी थांबावे लागते ते एका कामाच्या वेळेच्या चौपट, आणि ९० टक्क्यांवर नऊपट. कारकून आळशी नसतानाही रांग का तुंबते, हे एवढ्यावरून कळते आणि माझा निम्मा राग तिथेच निवतो. पहिल्या १० मिनिटांत ४ माणसे सरकली आणि पुढे २४ असतील, तर हाताशी ढोबळमानाने तासभर आहे. तास आहे हे ठाऊक झाले की अहवाल तपासायला काढतो. ठाऊक नसेल तर फक्त टपाल चाळतो.
— रांगेतला एक

उभे राहावे लागले तर टाचा उचलून पुन्हा टेकवत राहावे. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायांतले रक्त वर ढकलले जाते. लोक बघतात, बघू देत.
— निवृत्त शिक्षक

सर्वांची क्षमा मागून एक वेगळा अनुभव लिहितो. पत्नीची शस्त्रक्रिया पाच तास चालली, तेव्हा सोबत नेलेल्या पुस्तकाचे एकच पान मी किती वेळा वाचले याची गणती नाही. अशा वेळी काही शिकावे, ही अपेक्षाच मला क्रूर वाटते. एक गोष्ट तेवढी उपयोगी पडली. पुस्तकातल्या खुणेच्या कागदावर मी प्रश्न लिहिले : ‘टाके कधी काढणार? ताप आला तर रात्री कुणाला फोन करायचा? जिना चढलेला चालेल का? आधीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?’ डॉक्टर बाहेर आले आणि जेमतेम दोन मिनिटे बोलले. ‘सगळे ठीक झाले’ हे ऐकताच माझ्या डोक्यातले सारे पुसले गेले. कागद नसता तर मी नुसती मान डोलावून परतलो असतो. गोळ्यांच्या प्रश्नावर ते थांबले आणि त्यांतली एक आठवडाभर बंद ठेवायला त्यांनी सांगितले.
— नाव नको

फसलेला प्रयोग चालत असेल तर माझा घ्यावा. रांगेत व्याख्याने ऐकायची म्हणून दोन्ही कानांत इयरफोन घातले आणि खगोलशास्त्रात इतका रमलो की माझा क्रमांक पुकारून गेल्याचे कळलेच नाही. नवा क्रमांक ३७ माणसांनंतरचा मिळाला. व्याख्यान पूर्ण ऐकले. दुसरा इयरफोन खिशात ठेवून.
— एककर्णी