म्हणे, राग नसेल तर खेळाडू कसला!

डावा कोपरा: निखारा यांनी लिहिलंय की ज्याच्या डोक्यात आग नाही तो जिंकत नाही, आणि आपली मुलं मिळमिळीत झालीत. सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो. डिसेंबर 2020. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या कसोटीत भारतानं 36 धावांवर गाशा गुंडाळला, कर्णधार कोहली बाळासाठी घरी परतला. मेलबर्नला रहाणे कर्णधार. 112 वर धावबाद झाला, तेही जडेजाच्या पन्नासाव्या धावेसाठी पळताना. चिडला? जडेजाला थोपटलं आणि चालू पडला. सामना 8 गडी राखून जिंकला. हा मिळमिळीत?

निखारा: रहाणेचा फोटो देव्हाऱ्यात ठेवा. त्या टीमला भांडायला शिकवलं कुणी? आणि 1996, बंगळुरू, वर्ल्ड कप विसरलात? पाकिस्तानच्या आमिर सोहेलनं चौकार मारून बॅटनं सीमारेषा दाखवली, पुढच्याच चेंडूवर आपल्या वेंकटेश प्रसादनं दांडी उडवली. ही आग नाही तर काय, सत्यनारायणाचा प्रसाद?

ठाणेकर मावशी: अहो, प्रसाद तोंडानं सुटला तो दांडी उडाल्यावर! चेंडू टाकला तेव्हा डोकं जागेवर होतं, म्हणून तर तो स्टंपात गेला. समोरच्याला दुखवायचंय म्हणून चिडणं वेगळं आणि गुण मिळवायला जोर लावणं वेगळं, मानसशास्त्रात हा भेद जुना आहे. माझ्या नातवाचे कोच नऊ वर्षांच्या पोरांना ‘मार त्याला’ म्हणून ओरडतात. त्याला सुट्टीतच तिथून काढला.

डावा कोपरा: मावशींना अनुमोदन. मी जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळलोय. एका फायनलला चढाईपटू मांडीवर थाप मारून माझ्याकडे बघून हसला. माझी सटकली. साखळी सोडून एकटाच घोट्यावर झेपावलो, तो वरून उडी मारून मध्यरेषेपार. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझा पाय मुरगळला आणि आमच्यावर लोण, म्हणजे अख्खा संघ बाद.

मातीतला: मॅटवर होतात ना? मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट चिकटतो आणि गुडघा फिरतो. मॅटनं कबड्डीची वाट लावली.

डावा कोपरा: विषय रागाचा आहे.

मातीतला: राग येणारच! मॅट आणि बूट परवडत नाहीत म्हणून गावोगावची मंडळं बंद पडली. आम्ही अनवाणी खेळलो, गुडघ्याची सालं निघायची, पण लिगामेंट हा शब्द ऐकला नव्हता.

ठाणेकर मावशी: ऐकला नव्हता, कारण डॉक्टरकडे जात नव्हतात. हळद लावून लंगडत फिरायचात. आमचे हे अजून लंगडतात.

मातीतला: शहरातल्यांनी मातीवर बोलू नये.

ठाणेकर मावशी: माझं माहेर चिपळूणचं. तोंड सांभाळून.

डावा कोपरा: निखारा, अजून एक. कोइम्बतूर, 2022, दुलीप करंडकाची फायनल. यशस्वी जैस्वाल फलंदाजाला सारखा डिवचत होता, पंचांनी समज देऊनही थांबेना. कर्णधार रहाणेनं आपल्याच खेळाडूला बाहेर काढलं. तरी त्याचा पश्चिम विभाग 294 धावांनी जिंकला.

निखारा: आणि त्याच सामन्यात 265 कुणी मारल्या? डिवचणाऱ्यानंच! बरं, घोट्यावर एकट्यानं झेपावणं हा गाढवपणा, एवढं मान्य. पण तो रागाचा दोष नाही, तुमचा.

मातीतला: बूट होते की नव्हते, ते अजून सांगितलं नाहीत.