प्रतिसाद: चार रिमोटांऐवजी एकच घ्यावा का?

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एसी आणि फायर स्टिक (टीव्हीला लावून नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी ॲमेझॉनची कांडी), सगळ्यांना मिळून एकच रिमोट चालेल का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या विश्रामबागच्या घरात हा उद्योग करून झालाय, म्हणून लिहितो.

पहिल्या दोघांचं सोपं आहे. सेट-टॉप बॉक्सच्या बऱ्याच रिमोटांना टीव्हीची बटणं शिकवता येतात. रिमोट शिकण्याच्या मोडमध्ये टाकायचा, दोन्ही समोरासमोर धरायचे आणि एकेक बटण शिकवायचं की झालं. आधी हे करा, फुकट आहे.

एसीला मात्र ही युक्ती धड लागू पडत नाही. टीव्हीचा रिमोट एका बटणाला एकच खूण पाठवतो, एसीचा रिमोट दर वेळी तापमान, मोड, पंख्याचा वेग असं सगळं एकदम पाठवतो. त्यामुळे '२४ वर चालू' शिकवलं तर तेवढंच होतं, २५ साठी वेगळं बटण खर्ची पडतं. इथे वायफायवरचा आयआर ब्लास्टर बरा, म्हणजे मोबाइलच्या ॲपवरून हुकूम घेऊन रिमोटसारखे इन्फ्रारेड (अदृश्य) किरण सोडणारी छोटी डबी; त्यात एसीचे कोड तयार असतात. तो बहुधा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच जोडला जातो, ५ च्या नाही. मी ५ वर जोडायला बघत अख्खा रविवार घालवला! शिवाय हे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, म्हणजे खोलीगणिक एक ब्लास्टर.

फायर स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, साधा ब्लास्टर तिथे हात टेकतो.

आणि जुने रिमोट फेकू नका. नेट गेलं की मोबाइलचं ॲप बऱ्याचदा गप्प होतं. आमची आई तर अजूनही प्लास्टिकच्या पिशवीतला जुनाच रिमोट वापरते.