मदत हवी आहे: कंपनीचा ८ टक्के हिस्सा देऊन अ‍ॅक्सिलरेटर घ्यावा, की सीड फंडाची वाट पाहावी?

नमस्कार मंडळी,

मी तासगावची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. मी आणि माझा मामेभाऊ बेदाण्याच्या शेडसाठी एक यंत्रणा बनवतोय. शेडमधली आर्द्रता वाढायला लागली की मालकाला फोन जातो आणि बाजूचे पडदे मोटरने आपोआप खाली येतात. द्राक्षं डिपिंग करून (द्रावणात बुडवून) रॅकवर टाकली की पुढचे पंधरा-एक दिवस जीव टांगणीला लागतो. मार्चमध्ये रात्री एक सर आली आणि पडदे सोडायला कोणी जागं नसलं, तर माल काळा पडतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे एका रात्रीत किती जातं बघा. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शेडमध्ये हे झालं. वडील तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

गेल्या हंगामात चार शेडमध्ये बसवली. तीन ठिकाणी नीट चालली. चौथ्या ठिकाणी पाऊस आला तेव्हाच लाइट गेलेली, पडदे उतरलेच नाहीत. त्यामुळे आता बॅटरी हवीच. घरचे साडेसहा लाख संपलेत. येत्या हंगामासाठी ४० संच करायचे तर १२ लाख लागतील, आणि सुटे भाग डिसेंबरअखेर हातात हवेत.

पुण्यातला एक खासगी अ‍ॅक्सिलरेटर (नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देऊन हिस्सा घेणारी संस्था) ८ टक्के हिश्श्याला २० लाख देतोय. १० लाख सुरुवातीला, १० लाख कार्यक्रम संपल्यावर. पहिल्या हप्त्यातूनच २ लाख शुल्क कापणार. कार्यक्रम चार महिन्यांचा, जानेवारी ते एप्रिल, आणि दोघांनीही पुण्यात राहायचं. टर्म शीटवर (गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर) दहा दिवसांत सही हवी आहे.

दुसरीकडे स्टार्टअप इंडिया सीड फंडासाठी (नव्या कंपन्यांना सुरुवातीचे पैसे देणारी सरकारी योजना) तीन इन्क्युबेटरांकडे, म्हणजे हे पैसे ज्यांच्यामार्फत मिळतात त्या संस्थांकडे, अर्ज केलाय. एकाने सोमवारी सादरीकरणाला बोलावलंय. कंपनी १४ महिन्यांची आहे, डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची) मान्यता आहे. पण पैसे कधी येतील कोणी सांगत नाही.

आधी एकाकडून घेतले तर दुसरीकडे अडचण येते का? कॉलेजच्या स्पर्धेत मिळालेलं १ लाखाचं सरकारी बक्षीस अर्जात आड येईल का? आणि ८ टक्के जास्त आहेत का? घरात कोणालाच यातलं कळत नाही, त्यामुळे मनापासून विचारतेय.

शिवारातला:
ताई, टक्के बाजूला ठेव, आधी तारखा बघ. बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. त्याच महिन्यांत तुम्ही दोघं पुण्यात वर्गात बसणार, मग ४० शेडवर कोण धावणार? तुमच्या धंद्यात वर्षातून एकदाच परीक्षा होते. ती चुकली की पुढचा मार्च. त्यांना सरळ विचार, जूनच्या तुकडीत घेता का? नाहीतर एकाने पुण्यात आणि एकाने तासगावात राहिलं तर चालेल का? आणि पहिल्या हप्त्यात हातात येणार ८ लाख, तुला हवेत १२. म्हणजे सही करूनही हंगाम सुटत नाही.

जुना खातेदार:
मी सीड फंडातून गेलोय, म्हणून सांगतो. बक्षिसाची काळजी सोडा. इतर सरकारी योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेली नसावी अशी अट आहे, पण बक्षिसाची रक्कम त्यात धरत नाहीत. खासगी गुंतवणूकही त्या मर्यादेत येत नाही. भारतीय प्रवर्तकांकडे अर्जाच्या वेळी किमान ५१ टक्के हिस्सा लागतो, तो तुमच्याकडे आहेच.

पण अनुदान कशासाठी मिळतं ते नीट लक्षात घ्या. संकल्पना सिद्ध करणं, प्रोटोटाइप, चाचण्या, यासाठी २० लाखांपर्यंत, तेही टप्पे पूर्ण होतील तसे हप्त्यांनी. बाजारात उतरायला किंवा धंदा वाढवायला ५० लाखांपर्यंत मिळतात, पण ते कर्ज किंवा परिवर्तनीय डिबेंचर (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) असतं. ‘४० संच विकायचे आहेत’ म्हणालात तर तुम्हाला दुसऱ्या रांगेत उभं करतील. बॅटरीसह नव्या यंत्रणेची चाचणी, हे तुमचं खरं काम आहे आणि ते अनुदानात बसतं. इन्क्युबेटर स्वतःच्या सेवांसाठी वेगळा हिस्सा मागतो का, तेही विचारून घ्या.

८ टक्क्यांचं म्हणाल तर २० लाखांना ८ म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत अडीच कोटी धरली. शुल्क वजा केलं तर सव्वादोन. या टप्प्याला हे लुटणं नाही. पण पैशाशिवाय ते काय देणार? द्राक्ष बागायतदार संघ, शीतगृहवाले, बेदाण्याचे व्यापारी, यांतल्या कोणापर्यंत त्यांची पोच आहे? त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या तीन कंपन्यांना फोन करा, त्यातली एक बंद पडलेली असू द्या. ती सगळ्यात खरं सांगेल. दुसरा हप्ता त्यांच्या मर्जीवर आहे की ठरलेल्या अटीवर, हे सीएकडून वाचून घ्या. पैसे दोनदा येणार असतील तर शेअरही दोनदाच द्या.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार. हप्त्यागणिक शेअर देता येतात हे माहीतच नव्हतं. जूनच्या तुकडीचं उद्या सकाळी विचारते. मामेभाऊ म्हणतोय, ४० चा हट्ट सोडून १५ संच करू. गेल्या वर्षीचे तीन शेडमालक आगाऊ पैसे द्यायला तयार आहेत, त्यांच्या ओळखीने आणखी पाच-सहा मिळतील.

आता सोमवारचं. जिथे लाइट गेली त्या चौथ्या शेडची सगळी नोंद माझ्याकडे आहे, मिनिटामिनिटाची आर्द्रता आणि त्या मालाला सौद्यात मिळालेला भाव. ती समितीपुढे आधीच ठेवावी, की विचारल्यावर दाखवावी? कोणी समितीपुढे उभं राहिलं असेल तर कृपया रविवारपर्यंत सांगा.