ओल्या रस्त्यावरचा उजेड: प्रतिबिंब, कवडसा की ओघळ?

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवर लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय. कावासे हासुई यांचं माएकावा गावाचं चित्र आहे, १९३२ चं. रात्र, पाऊस, खिडक्यांतला पिवळा उजेड, छत्री धरून चाललेलं एकटं माणूस. तो उजेड समोरच्या ओल्या रस्त्यावर उतरलाय. त्याला काय म्हणावं? 'प्रतिबिंब' लिहून खोडलं. 'कवडसा' चालेल?

*

कवडसा नको. कवडसा फटीतून, कौलाच्या भोकातून घरात येतो आणि कोरड्या जमिनीवर पडतो. इथे उजेड घरातून बाहेर निघालाय. आणि 'प्रतिबिंब' तुम्ही खोडलंत ते योग्यच केलंत, कारण त्यात वस्तूचा आकार शाबूत राहतो. ओल्या रस्त्यावर खिडकीचा चौकोन मोडतो, लांबतो, खाली सरकतो. मी 'उजेडाचे ओघळ' म्हणेन. भिंतीवर पावसाचे येतात, गालावर काजळाचे येतात, तसे.

*

ओघळ फार आवडला! त्याच्याबरोबर क्रियापद मात्र 'विरणे' घ्या. या चित्रांत छापणारा कारागीर ओल्या ठशावर एका बाजूला रंग दाट ठेवतो आणि दुसरीकडे फिका करत नेतो. जपानीत त्याला बोकाशी म्हणतात. 'फिकट होणे'पेक्षा 'विरत जाणे' त्या हाताच्या कामाला जवळचं आहे.

*

पावसाच्या शब्दाकडेही बघा. हिरोशिगे यांच्या १८५७ च्या चित्रात ओहाशी पुलावर काळ्या बारीक रेघांचा पाऊस आहे आणि माणसं अंग चोरून पळताहेत. नावातच 'युदाची' आहे, म्हणजे संध्याकाळी अवचित आलेला पाऊस. ती 'सर'. काही जण 'वळीव' लिहितात. मला ते पटत नाही, वळवाबरोबर आपला वैशाख आणि मातीचा वास येतो. त्या पुलाऐवजी पुढे झालेला लोखंडी पूल हासुईंनी १९२६ मध्ये काढला: रात्र, रिक्षा ओढणारा माणूस, दिवा, ओली चकाकती फरसबंदी. तिथे कुणी पळत नाही. तो पाऊस कधीचा लागून राहिलाय. त्याला 'झड' म्हणा, 'मुसळधार' अजिबात नको.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलंय: 'खिडक्यांतून उतरलेले उजेडाचे ओघळ रस्त्याच्या मध्यापर्यंत येता येता काळोखात विरत गेलेत.'

*

'काळोखात' काढून 'निळ्यात' करून बघा. हासुईंची रात्र काळी नसते.